नहपानाच्या नाण्यांवरील ग्रीक लेख

क्षहरात वंशातील पश्चिम क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांत लेख आढळतात. यांपैकी ग्रीक लेखाची लिपी ग्रीक असली, तरी भाषा प्राकृत आहे. त्यामुळे ग्रीक शब्दकोशाच्या आधारे तो लागत नाही. प्रत्येक अक्षराचा उच्चार लक्षात घेऊन तो वाचावा लागतो. नहपानाचा काळ इ.स.च्या पहिल्या किंवा दुसऱ्या शतकात मानला जातो. नेमक्या कालखंडाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

पार्श्वभूमी

'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच (बॅरिगाझा) बंदरात अपोलोडोटस व मिनँडर या इंडो-ग्रीक राजांची ग्रीक अक्षरांकित जुनी नाणी चालत असल्याचा उल्लेख आहे. नहपानाच्या नाण्यांची घडण याच परंपरेतील आहे. दर्शनी बाजूस उजवीकडे पाहणारा राजमुखवटा व त्याभोवती ग्रीक लेख असतो. मागील बाजूस बाण व वज्र ही चिन्हे आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख असतात.

लेखाचे वाचन

ब्राह्मी लेख 'राञो क्षहरातस नहपानस' असा आहे. त्याचा अर्थ 'राजा क्षहरात नहपान याचे (नाणे)' असा होतो. ग्रीक लेखात हेच तीन शब्द पुढीलप्रमाणे येतात :

पहिला शब्द : ऱ्हो, आल्फा, न्यू, न्यू, आयोटा, ओमेगा. प्राकृतातील 'ञ' या ध्वनीसाठी ग्रीक लिपीत अक्षर नसल्याने दोन न्यू व आयोटा यांनी तो दर्शविला आहे.

दुसरा शब्द : क्सी, आल्फा, ईटा, आल्फा, ऱ्हो, आल्फा, टाऊ, आल्फा, सिग्मा. येथे 'क्ष' साठी क्सी वापरले आहे.

तिसरा शब्द : न्यू, आल्फा, ईटा, आल्फा, पाय, आल्फा, न्यू, आल्फा, सिग्मा.

ग्रीकमध्ये ईटा हा स्वर आहे. या लेखात मात्र तो 'ह' या व्यंजनासाठी येतो, जसे रोमन लिपीतील त्याच आकाराचे अक्षर येते. सिग्माचा आकार उघड्या अर्धवर्तुळासारखा असल्याने नवशिक्या वाचकाला ते रोमन 'सी' वाटण्याचा संभव असतो. षष्ठी विभक्तीच्या 'स' या प्रत्ययातील अंत्य 'अ' ग्रीक लेखात लिहिलेला नाही.

तिन्ही लेख परस्परपूरक आहेत. आल्फावरून ऱ्हस्व 'अ' व दीर्घ 'आ' यांतील भेद कळत नाही आणि खरोष्ठीतही तो दाखविला जात नाही. 'नहपान' मधील 'पा' दीर्घ असल्याचे ब्राह्मी लेखावरून ठरते. खरोष्ठी लेख उजवीकडून डावीकडे वाचतात. अनेक नाण्यांत ठशाच्या मानाने चकती लहान असल्याने कडेचा ग्रीक लेख अंशतः कापला जातो. अशा वेळी अनेक नाण्यांवरील तुकडे जुळवून संपूर्ण लेख मिळवावा लागतो.

रोमन प्रांतिक नाण्यांशी तुलना

रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील प्रांतांतील नाण्यांवरही ग्रीक लिपी आढळते. तेथे भाषाही ग्रीकच असते आणि नगरवासीयांचे नाव बहुधा षष्ठी बहुवचनात येते, उदाहरणार्थ, 'एफेससवासीयांचे'. 'अमुक याचे नाणे' ही षष्ठीची रचना दोन्हीकडे समान आहे. मात्र रोमन प्रांतिक नाण्याच्या वाचकाला ग्रीक व्याकरण उपयोगी पडते, तर नहपानाच्या नाण्याच्या वाचकाला प्राकृत व्याकरण.

जोगळटेंभी येथील साठा

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या साठ्यात नहपानाची १३,२५० हून अधिक नाणी होती. त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली चिन्हे व ब्राह्मी लेख पुन्हा छापले होते. एच. आर. स्कॉट यांनी या साठ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुनर्मुद्रित नाण्यांवर चैत्य व उज्जयिनी चिन्हांखाली मूळ ग्रीक अक्षरांचे अवशेष दिसतात. नहपानाच्या चलनावर गौतमीपुत्राचा ठसा उमटल्याचा हा पुरावा क्षहरातांच्या पराभवाची साक्ष मानला जातो. नाशिक येथील लेण्यातील गौतमी बलश्रीच्या शिलालेखातही गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे म्हटले आहे.

उत्तरकालीन अवस्था

नहपानानंतरच्या पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे हळूहळू अर्थहीन होत गेली व केवळ नक्षीप्रमाणे उरली. खरोष्ठीचा वापरही थांबला. या वंशाची नाणी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड परिसरातही एकोणिसाव्या शतकात सापडली. उत्तरकालीन नाण्यांवरील ग्रीक चिन्हांतून शब्द लावण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो. त्यांचे वाचन मागील बाजूच्या ब्राह्मी लेखावरून आणि मुखवट्यामागे ब्राह्मी अंकांत दिलेल्या शक वर्षावरून केले जाते.