बाटलीतले जहाज

काचेच्या बाटलीत तीन डोलकाठ्यांचे, शिडे फुगलेले जहाज पाहिले की बघणारा आधी जहाजाकडे पाहत नाही, बाटलीच्या तोंडाकडे पाहतो. मग बाटली उचलतो, बुडाशी कोठे सांधा दिसतो काय ते बोटाने चाचपतो, आणि अखेर विचारतो, ‘हे आत गेले कसे?’ आम्ही हा प्रश्न अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. उत्तरेही प्रश्नकर्तेच देतात. कोणी म्हणतो, बूड कापून पुन्हा चिकटविले असेल. कोणी म्हणतो, जहाज आधी केले आणि भोवती बाटली फुंकली. पण फुंकण्याजोगी मऊ काच सुमारे हजार अंश उष्ण असते. तिच्यात लाकडाचे व कागदाचे जहाज ठेवले तर राखच हाती लागेल. जहाज तोंडातूनच आत जाते. बाटलीला दुसरी वाट नाही.

बाटलीत काही तरी उभे करण्याची हौस जहाजांहून जुनी आहे. मात्तियास बुखिंगर या जन्मतः हातपाय अपुरे असलेल्या जर्मन कलावंताने १७१९ साली बाटलीत खाणीचा देखावा रचला होता. असल्या कामात लहान लहान तुकडे एकामागून एक आत सोडून लांब तारेने जुळवीत बसावे लागते. जहाजांपैकी जुने व सालाची नोंद असलेले असे १७८४ सालचे एक जहाज जर्मनीतील लुबेक शहराच्या संग्रहात आहे. ते जोव्हान्नी ब्योंदो नावाच्या कारागिराने केले. म्हणजे ही विद्या निव्वळ खलाशांनीच शोधली असे म्हणता येत नाही. परंतु ती वाढविली मात्र त्यांनीच, आणि तीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

याचे एक कारण अगदी बाजारी आहे. पूर्वीच्या बाटल्या जाड, गडद हिरव्या व बुडबुड्यांनी भरलेल्या असत. आत जहाज ठेवले तरी दिसणार काय? इंग्लंडात काचेवरील कर १८४५ साली उठला, पुढे काच स्वस्त व स्वच्छ होत गेली, आणि रिकामी पारदर्शक बाटली ही कोणाही खलाशाला फुकट मिळणारी वस्तू झाली. दुसरे कारण वेळेचे. लांबच्या सफरीवर चार तास पहारा व चार तास सुटी अशी पाळी महिनोन्महिने चाले. सुटीत जावे कोठे? चाकू होता, लाकडाची ढलपी होती, सूत होते.

तिसरे कारण मात्र थोडे चटका लावणारे आहे. सुएझचा कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला. त्यानंतर पाचच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, स्कॉटलंडमधील डम्बार्टन येथे ‘कटी सार्क’ हे वेगवान शिडाचे जहाज पाण्यात उतरले. चीनचा चहा इतर सर्वांच्या आधी लंडनला पोचवावा म्हणून ते बांधलेले. पण तांबड्या समुद्रातले वारे शिडांना सोयीचे नाहीत, आणि आगबोटीला वाऱ्याची पर्वा नाही. आगबोटी कालव्यातून जवळच्या वाटेने येऊ लागल्या, शिडाचे जहाज आफ्रिकेला वळसा घालीत राहिले. ‘कटी सार्क’ने चहाची शेवटची खेप १८७७ साली नेली. शिडाची जहाजे समुद्रावरून हटू लागली नेमक्या त्याच दशकांत ती बाटल्यांत शिरू लागली. करणाऱ्यांनी आपली नावे मात्र क्वचितच घातली.

आता पुन्हा तोंडाकडे येऊ. साध्या दारूच्या बाटलीच्या तोंडाचा आतील व्यास सुमारे १८ मिलिमीटर भरतो. जहाजाचे अंग तेवढेच रुंद करून चालत नाही, कारण त्याच्या पाठीवर मिटलेल्या काठ्या व गुंडाळलेली शिडेही त्याच वाटेने जावयाची असतात. म्हणून रुंदी १३ मिलिमीटर धरू. ‘कटी सार्क’ची लांबी सुमारे २१२ फूट व रुंदी ३६ फूट, म्हणजे जवळजवळ सहास एक. या हिशेबाने प्रतिकृती साडेसात सेंटिमीटरांहून थोडी अधिक लांब होते आणि बाटलीत शोभून दिसते. उलट नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ हे लढाऊ जहाज घेतले तर ते १८६ फूट लांब व जवळजवळ ५२ फूट रुंद. तेवढ्याच तोंडातून त्याची पावणेपाच सेंटिमीटरांहून मोठी प्रतिकृती जाणार नाही. ज्या सडपातळ बांध्यामुळे हे जहाज पाणी कापीत धावे, तोच बांधा बाटलीच्या गळ्यालाही मानवतो! (‘व्हिक्टरी’ बाटलीत गेलेच नाही असे मात्र नव्हे. यिन्का शोनिबारे या कलावंताने ते २०१० साली लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात बाटलीत बसविले. पण ती बाटलीच पावणेपाच मीटर लांब होती. पुढे ती ग्रीनिच येथे नेण्यात आली, आणि ‘कटी सार्क’ही तेथेच उभे आहे.)

आपल्याकडच्या कोणाला हा उद्योग करावासा वाटला तर नमुन्यासाठी फार लांब जावयास नको. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बोमनजी यांनी सागवानाचे ‘त्रिंकोमाली’ हे तीन काठ्यांचे जहाज बांधले, ते १८१७ साली पाण्यात उतरले. आज ते इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे.

कृती अशी. मऊ लाकडाचे अंग कोरावयाचे, पण फक्त पाण्यावर दिसेल तेवढे. डोलकाठ्या बांबूच्या बारीक कामट्यांच्या. प्रत्येक काठीच्या बुडाशी आडवे भोक पाडून त्यातून तार ओवावी व तारेची दोन्ही टोके वाकवून डेकात रोवावी, म्हणजे दाराच्या बिजागरीसारखी काठी मागे पडते व पुन्हा उभी राहते. शीड जिच्यावर बांधतात ती आडवी काठी, कोकणचे खलाशी जिला परबाण म्हणतात, ती डोलकाठीला मध्यावर एकाच गाठीने बांधावी, म्हणजे फिरवून डोलकाठीशी समांतर करता येते. शिडे पातळ कागदाची, फक्त वरच्या कडेने चिकटविलेली. मापाची चूक येथे क्षम्य नाही. समुद्र, जहाजाचे अंग व सर्वांत उंच काठी यांची बेरीज बाटलीच्या आतील व्यासाहून एक मिलिमीटरने जरी अधिक झाली तरी काठी काचेला अडते, आणि ते कळते तेव्हा जहाज आत गेलेले असते.

पण सारे मर्म दोरांत आहे, आणि आम्हांस ज्याचे नवल वाटते ते हेच. खऱ्या जहाजावर डोलकाठी निव्वळ खोबणीच्या जोरावर उभी नसते. पुढच्या दोरांनी तिला नाळेकडे ओढून धरलेले असते, आणि बाजूचे व मागचे दोर तिला पुढे वा आडवे कलू देत नाहीत. बाटलीतही तेच दोर लागतात. पुढचे दोर मात्र नाळेवरच्या पुढे आलेल्या काठीला पाडलेल्या भोकांतून ओवून हातभर लांब ठेवावयाचे. बाजूचे दोर डोलकाठीच्या बुडापेक्षा किंचित मागे बांधावयाचे, म्हणजे काठी मागे पडली की ते सैल होतात आणि उभी राहिली की ताठ होऊन तिला थांबवितात. निराळी कळ नाही, स्प्रिंग नाही. जो दोर खऱ्या काठीला पडू देत नाही, तोच येथे पडलेली काठी उठवितो. शहरातल्या माणसाला हा जादूचा खेळ वाटेल. खलाशाने मात्र रोजचे कामच सुतात उतरविले होते.

जहाजाआधी समुद्र आत जातो. काचेला लावतात ती लांबी, म्हणजे जवसाचे तेल व खडूची भुकटी, निळा रंग घालून मळावी, तिच्या गोळ्या सोडाव्या व वाकविलेल्या तारेने लाटा काढाव्या. ती पुरती सुकल्यावाचून बूच लावले तर तेलाची वाफ काचेवर धरते आणि समुद्रावर कायमचे धुके उतरते. मग जहाज मागच्या अंगाने आत सरकवावयाचे. दोर बाहेर लोंबत असतात. जहाज लांबीवर सरसाने बसले की दोर हळूहळू ओढावे. मागची काठी आधी, मग मधली, मग पुढची. मिटलेल्या छत्रीसारखे पडलेले जहाज उभे राहते, तो क्षण पाहण्यासारखा असतो. तारेच्या टोकाने परबाणे आडवी करावी, दोरांच्या भोकांवर सरसाचा एकेक थेंब टेकवावा आणि थांबावे. सरस पुरा धरल्यावर लांब काडीला बांधलेल्या पात्याच्या तुकड्याने दोर कापावे, बूच मारावे, लाखेने बंद करावे.

‘थांबावे’ हा शब्द आम्ही वर लिहिला खरा, पण आमच्या पहिल्या जहाजाच्या वेळी आम्हांस तो पाळता आला नाही. अकरा संध्याकाळी काम चालले होते, घरात बाटली बघण्यासाठी मुले जमली होती, आणि आम्ही पुढचा दोर त्याच रात्री कापला. सकाळी पुढची काठी केसभर मागे कललेली दिसली. दोर कापल्यावर पुन्हा ओढावयास काही उरत नाही. ती बाटली आम्ही फळीवर तशीच ठेवली आहे. येणारा जाणारा बघतो, बूड चाचपतो, कौतुक करतो. कललेली काठी कोणास दिसत नाही. एकदा अलिबागकडचे एक वृद्ध तांडेल काही कामासाठी आले होते. त्यांनी बाटली हाती घेतली नाही, हे आत कसे गेले म्हणून विचारलेही नाही. दारातूनच एकदा पाहून म्हणाले, ‘मास्तर, म्होरला दोर ढिला हाय तुमचा.’