‘सेट’ म्हणजे फक्त संच? एका इंग्रजी शब्दाविषयीचे सात गैरसमज

नववीच्या गणितात पहिल्याच प्रकरणात संच भेटतो आणि ‘सेट म्हणजे संच’ हे डोक्यात पक्कं बसतं. पुढे इंग्रजी वर्तमानपत्र हाती आलं की तोच शब्द कोर्टाच्या बातमीत, हवामानाच्या अंदाजात, पाककृतीत आणि कादंबरीच्या परीक्षणातही दिसू लागतो. संच मात्र कुठेच जुळत नाही. मग ‘इंग्रजीला काही ताळतंत्रच नाही’ असं म्हणून अनेक जण शब्दकोश मिटून टाकतात. खरं पाहता या छोट्याशा शब्दाच्या अर्थांना व्यवस्था आहे आणि मराठी माणसाला ती चटकन कळण्यासारखी आहे. त्यासाठी आधी काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज १ : ‘सेट’चे अर्थ एकमेकांशी काहीही संबंध नसलेले आहेत.

वस्तुस्थिती : क्रियापद म्हणून ‘सेट’ हे जुन्या इंग्रजीतल्या ‘सेट्टन’पासून आलं. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि त्याचं प्रयोजक रूप ‘सेट’ म्हणजे बसवणे. हे एक सूत्र हाती आलं की बरेच अर्थ आपोआप उलगडतात. सोनार अंगठीत खडा बसवतो, डॉक्टर मोडलेलं हाड बसवतात. इंग्रजीत या दोन्ही कामांना ‘सेट’च म्हणतात. पुढे हे बसवणं डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंपुरतं राहिलं नाही. गजर, तारीख, नियम, उदाहरण यांनाही ते लागू झालं. मराठी इथे दर वेळी वेगळं क्रियापद वापरते. आपण गजर लावतो, तारीख ठरवतो, जेवणाचं टेबल मांडतो, प्रश्नपत्रिका काढतो, पायंडा पाडतो, उदाहरण घालून देतो. इंग्रजी ही सगळी कामं एकट्या ‘सेट’कडून करून घेते. प्रत्येकात एखादी गोष्ट तिच्या जागी नेऊन पक्की करणं आहेच.

गैरसमज २ : संच हा अर्थही या बसवण्यातूनच आला.

वस्तुस्थिती : संच या अर्थाच्या नामाचं मूळ वेगळं आहे. लॅटिनमधल्या ‘सेक्टा’पासून जुन्या फ्रेंचमधलं ‘सेट्ट’ आलं आणि ते इंग्रजीत शिरलं. ‘सेक्टा’ म्हणजे कुणाच्या तरी मागून चालणारे लोक, अनुयायी. पंथ या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘सेक्ट’ याच मुळातला. म्हणजे ‘सेट’ आधी माणसांच्या गटाला म्हणत, मग वस्तूंच्या गटाला म्हणू लागले. कपबशांचा सेट आणि गणितातला सेट याच घराण्यातले. टेनिसचा सेट म्हणजेही गेम्सचा गट. किमान सहा गेम जिंकून दोनची आघाडी घेणारा खेळाडू तो जिंकतो आणि ६-६ अशी बरोबरी झाली तर सहसा टायब्रेकवर निकाल लागतो. उच्चार आणि स्पेलिंग सारखंच असल्यामुळे शतकानुशतकांच्या वापरात दोन शब्द एकमेकांत मिसळले आणि नामाच्या काही अर्थांवर क्रियापदाची छाया पडली. तरी मुळं दोन आहेत, एवढं लक्षात ठेवलं की ‘संच’ आणि ‘बसवणे’ यांचा ओढूनताणून मेळ घालावा लागत नाही.

गैरसमज ३ : इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ ‘सेट’चेच.

वस्तुस्थिती : सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हे उत्तर अजूनही छापलं जातं. एके काळी ते बरोबरही होतं. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ सालच्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सर्वांत मोठी होती. तिच्यात सुमारे ६०,००० शब्द खर्चून ४३० अर्थ नोंदवले होते. त्यानंतर कोशाची नव्याने उजळणी सुरू झाली. २००० साली ‘मेक’ची नोंद सर्वांत मोठी ठरली, २००७ साली ‘पुट’ पुढे गेलं आणि २०११ साली ‘रन’ने पहिला क्रमांक पटकावला. कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ या एका क्रियापदावर नऊ महिने काम केलं आणि अर्थांची संख्या ६४५ झाली.

या आकड्यांनी दडपून जायचं कारण नाही. ऑक्सफर्डचा हा कोश ऐतिहासिक आहे. वापरातून गेलेले जुने अर्थही तो वगळत नाही, आणि जोडशब्द व वाक्प्रचारही त्या मोजणीत येतात. रोजच्या वाचनाला यातला अगदी थोडा भाग पुरतो.

गैरसमज ४ : एका शब्दाला इतके अर्थ हा इंग्रजीचा दोष आहे, मराठी अशी संदिग्ध नाही.

वस्तुस्थिती : आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, झोप लागते, उसना पैसा परत करावा लागतो, मूल रडू लागतं, जायला दोन तास लागतात आणि बोललेलं मनाला लागतं. परभाषकाला ही यादी ‘सेट’इतकीच अवघड वाटेल. आपण मात्र कधी अडखळत नाही, कारण शेजारचा शब्द अर्थ सांगून जातो.

हा सर्वच भाषांचा स्वभाव आहे. जॉर्ज किंग्जली झिफ या अमेरिकन भाषाभ्यासकाने १९४५ साली मांडलं की जो शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. नव्या गरजेसाठी दर वेळी नवा शब्द घडवण्यापेक्षा हाताशी असलेल्या शब्दाला कामाला लावणं माणसाला सोपं जातं. त्यामुळे लांबलचक, पंडिती शब्द अवघड आणि लहान शब्द सोपे ही समजूतही सोडून द्यायला हवी. ‘फोटोसिंथेसिस’ एकदा समजलं की संपलं. ‘सेट’, ‘गेट’, ‘पुट’ यांचा अभ्यास मात्र अनेक वर्षं चालतो.

गैरसमज ५ : ‘सेट’ला ‘अप’, ‘ऑफ’, ‘इन’ जोडलं की दोन्ही अर्थांची बेरीज करायची.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणं, फटाका उडवणं, आणि आयकराच्या भाषेत तोटा नफ्यातून वळता करणं. ‘सेट अप’ म्हणजे संस्था उभारणं, पण एखाद्या माणसाला ‘सेट अप’ केलं तर त्याला कटात अडकवलं. मान्सून केरळात ‘सेट इन’ झाला म्हणजे तिथे दाखल होऊन स्थिरावला.

कोर्टाच्या बातमीतला ‘सेट असाइड’ तर हमखास फसवतो. वरिष्ठ न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा आदेश ‘सेट असाइड’ केला, तर तो रद्दबातल ठरवला. भाषांतरात ‘आदेश बाजूला ठेवला’ असं लिहिलं की वाचकाला वाटतं, निर्णय पुढे ढकलला, प्रकरण अजून लटकलेलं आहे. निकालाचा अर्थच पालटतो. अशा जोड्या एकसंध शब्द म्हणूनच शिकाव्यात.

गैरसमज ६ : सिमेंट ‘सेट’ झालं म्हणजे वाळलं.

वस्तुस्थिती : सेट होणं आणि वाळणं या वेगळ्या क्रिया आहेत. सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होतं. त्याला पाणी हवंच असतं. म्हणून तर स्लॅब टाकल्यावर कित्येक दिवस त्यावर पाणी मारतात. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी भारतीय मानकानुसार घट्ट होण्याची सुरुवात ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि शेवट ६०० मिनिटांच्या पुढे जाता कामा नये. कालवलेला माल ओतायला, पसरायला गवंड्याला सवड मिळावी, हा त्यामागचा हेतू. दह्याचंही तसंच. ते वाळत नाही, विरजणातल्या जिवाणूंमुळे घट्ट होतं. इंग्रजी दही ‘सेट’ होतं, आपलं दही ‘लागतं’.

गैरसमज ७ : मराठी बोलण्यातला ‘सेट’ आणि इंग्रजीतला ‘सेट’ एकच.

वस्तुस्थिती : आपण हा शब्द घेतला तो मोजक्या अर्थांनी, आणि काही अर्थ आपले आपण घडवले. ‘मुलगा पुण्यात सेट झाला’ म्हणजे नोकरी, घर, संसार मार्गी लागला. इंग्रजीत याला ‘सेटल्ड’ म्हणावं लागेल. कशाबद्दल तरी ‘सेट इन पुणे’ असं इंग्रजीत म्हटलं, तर ती पुण्यात घडणारी कादंबरी किंवा चित्रपट. प्राध्यापक होण्यासाठी द्यायची सेट परीक्षा तर या शब्दाची नातेवाईकही नाही. ‘स्टेट एलिजिबिलिटी टेस्ट’ या तीन शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. मराठीतला ‘सेट’ चुकीचा नाही, तो मराठी झालेला शब्द आहे. फक्त इंग्रजी लिहिताना तो तसाच उचलून ठेवू नये.

इंग्रजी शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना म्हणूनच एक कळकळीची विनंती आहे. वहीत ‘सेट = संच’ असं समीकरण लिहू नका आणि लिहून घेऊ नका. पूर्ण वाक्य उतरवून घ्या, शेजारचा शब्द अधोरेखित करा आणि अशा जागी आपण मराठीत कोणतं क्रियापद वापरतो ते बाजूला लिहा. ‘गजर लावणे’, ‘तारीख ठरवणे’, ‘आदेश रद्दबातल ठरवणे’ अशा वीस-पंचवीस जोड्या जमल्या की वर्तमानपत्रातला बहुतेक ‘सेट’ अडणार नाही. नववीच्या वर्गातही ‘संच’ शिकवताना हा त्या शब्दाचा एक अर्थ आहे, एवढं एक वाक्य बोललं गेलं पाहिजे.