मिश्र वापराच्या उत्तुंग इमारतीतील सदनिका : खरेदीचा निर्णय आणि सामाईक मालकीचा प्रश्न

प्रस्तावना

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही रचना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या पेठांतील अनेक वाड्यांच्या दर्शनी भागात दुकाने होती. गिरगावातील चाळींच्या तळमजल्यावर वाणी, शिंपी, खानावळवाला आणि वरच्या मजल्यांवर बिऱ्हाडे असा सहवास कित्येक पिढ्या चालला. मात्र त्या सहवासात खालचा आणि वरचा असे दोघेही बहुधा एकाच मालकाचे भाडेकरू असत. नळाला पाणी आले नाही वा जिन्याचा कठडा मोडला, तर दोघांचीही तक्रार एकाच दाराशी जात असे. अलीकडच्या काळात मुंबईतील गिरण्यांच्या जमिनींवर आणि त्यापाठोपाठ ठाणे, नवी मुंबई व पुणे या शहरांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांपैकी अनेकींत खाली मॉल अथवा दुकाने, मध्ये कार्यालये व त्यांच्या माथ्यावर निवासी मजले अशी योजना आढळते. येथे भाडेकरूंची जागा मालकांनी घेतली असून त्यांचे हितसंबंध एकसारखे नाहीत. दुकानदाराला गर्दी हवी असते, रहिवाशाला निवांतपणा. या दोघांमध्ये निवाडा करणारा घरमालक आता उरलेला नाही.

अशा इमारतीत सदनिका घ्यावी की नाही, हा निर्णय सामान्यतः दर, मजला, खिडकीतून दिसणारे दृश्य आणि स्थानकापासूनचे अंतर यांवर घेतला जातो. प्रस्तुत लेखात वेगळ्या मुद्द्याचा विचार केला आहे. ज्या भागात कोणीच राहत नाही, म्हणजे तळघर, पोडियम, पाण्याच्या टाक्या, लिफ्टची यंत्रे, जनित्रे आणि गच्ची, त्या भागाची मालकी कोणाची, त्याचा खर्च कोणी द्यायचा आणि त्याविषयी मत कोणाचे चालणार, यावरच हा निर्णय मुख्यतः अवलंबून असावा. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले एखादे प्राध्यापक दांपत्य जुनी दोन खोल्यांची जागा विकून आणि उपदान व भविष्य निर्वाह निधीची रक्कम त्यात घालून चोविसाव्या मजल्यावर सदनिका घेते, तेव्हा चूक दुरुस्त करण्याइतका काळ आणि पैसा त्यांच्या हाती राहिलेला नसतो. म्हणून या विषयाचा विचार कराराआधी होणे आवश्यक ठरते.

दोन कायदे आणि दोन प्रकारची मते

महाराष्ट्रात सदनिकाधारकांची संघटना प्रामुख्याने दोन प्रकारे होऊ शकते. पहिला प्रकार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली सहकारी गृहनिर्माण संस्था हा होय. दुसरा प्रकार महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालील अपार्टमेंटधारकांचा संघ, ज्याला व्यवहारात ‘कॉन्डोमिनियम’ म्हणतात. ही संकल्पना आणि तिच्या शब्दांची ठेवण अमेरिकी कायद्याशी मिळतीजुळती आहे. पहिल्या प्रकारात जमीन व इमारत संस्थेच्या मालकीची होते आणि सभासदाकडे भागपत्र व सदनिकेचा हक्क राहतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक जण आपल्या अपार्टमेंटचा स्वतंत्र मालक असतो आणि सामाईक भागात त्याचा ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा असतो. हा हिस्सा विकासकाने नोंदविलेल्या घोषणापत्रात लिहिलेला असतो व तो संपूर्ण मालमत्तेच्या मूल्याशी त्या अपार्टमेंटच्या मूल्याचे जे प्रमाण असेल त्यावर ठरतो.

केवळ निवासी इमारतीत या दोन प्रकारांतील अंतर फारसे जाणवत नाही, कारण सगळ्यांच्या सदनिका थोड्याफार सारख्याच असतात. मिश्र वापराच्या इमारतीत मात्र ते ठळक होते. सहकारी संस्थेत एका सभासदास एकच मत असते, मग त्याच्याकडे एक सदनिका असो वा दहा गाळे. अपार्टमेंट कायद्यात ‘बहुमत’ याचा अर्थ घोषणापत्रात मतदानासाठी नेमून दिलेल्या टक्केवारीनुसार किमान ५१ टक्के मते असा आहे.

उदाहरणादाखल एक इमारत कल्पावी. तीत २४० सदनिका आणि त्याखाली दुकाने व कार्यालये आहेत. दुकानांचा दर निवासी दरापेक्षा अधिक असल्याने मालमत्तेच्या एकूण मूल्यात व्यापारी भागाचा वाटा ४५ टक्के आणि सर्व सदनिकांचा मिळून ५५ टक्के धरला. व्यापारी भाग विकासकाने अथवा एखाद्या गुंतवणूकदाराने स्वतःकडेच राखला आणि सदनिकांपैकी ३० विकावयाच्या राहिल्या, तर या ३० सदनिकांचा हिस्सा सुमारे ६.९ टक्के होतो. ४५ आणि ६.९ मिळून ५१.९ टक्के होतात. याचा अर्थ असा की २१० कुटुंबे एका बाजूस आणि एक मालक दुसऱ्या बाजूस असतानाही ठराव त्या एकाचाच संमत होईल. व्यवस्थापनाचे कंत्राट कोणाला द्यावे, गच्चीवर जाहिरात फलक लावावा का, मॉलच्या मालवाहू गाड्यांना कोणते प्रवेशद्वार द्यावे, हे सारे त्यात आले. सहकारी संस्थेत याच इमारतीत निवासी सभासदांचे पारडे सहज जड राहते.

यावरून सहकारी संस्था नेहमीच बरी, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांमध्ये समान विभागले जाते, तर अपार्टमेंट कायद्यात सामाईक खर्च अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो. २०२५ साली पुण्यातील एका वसाहतीच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने मोठ्या सदनिकांच्या धारकांनी त्यांच्या हिश्श्याच्या प्रमाणात अधिक खर्च द्यावा, हे तत्त्व उचलून धरले. लहान सदनिका घेणाऱ्यास ही पद्धत न्याय्य वाटेल. ज्याच्या मताला वजन अधिक, त्याच्यावर खर्चाचा बोजाही अधिक, असा या कायद्याचा तोल आहे. घोषणापत्राची रचना या तोलाला धरून नसली, तर अडचण सुरू होते. मतदानासाठी मूल्याचे प्रमाण आणि खर्चासाठी दुसरेच काही प्रमाण, अशी कलमे मसुद्यात आढळली तर त्यांचे कारण विचारणे हा खरेदीदाराचा अधिकार आहे.

पोडियम कोणाचा?

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मध्ये अभिहस्तांतरणाला, म्हणजे जमीन व इमारतीची मालकी खरेदीदारांच्या संघटनेकडे सुपूर्द करण्याला, कालमर्यादा आहे, हे सर्वश्रुत आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांतील एक तपशील मात्र पुष्कळांच्या नजरेतून निसटतो. एकाच भूखंडावरील अनेक इमारती अथवा विंग असलेल्या प्रकल्पात प्रत्येक इमारतीच्या संस्थेकडे त्या इमारतीचा सांगाडा ‘तळघर आणि पोडियम वगळून’ हस्तांतरित होतो. जमीन, तळघर व पोडियम हे शेवटच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर सर्व संस्थांच्या शिखर संस्थेकडे जातात.

मिश्र प्रकल्पात नेमका पोडियमच महत्त्वाचा असतो. त्याच्या पोटात वाहनतळ व दुकाने असतात आणि पाठीवर बाग व पोहण्याचा तलाव. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ज्या हिरवळीचे चित्र असते ती हिरवळ बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी छतावर उगवलेली असते. त्या छताला गळती लागली तर जलरोधनाचा खर्च बागेचा उपभोग घेणाऱ्यांनी द्यायचा की खालच्या दुकानमालकाने, याचे उत्तर करारात लिहिलेले नसेल तर ते न्यायालयात शोधावे लागते. शेवटची इमारत कार्यालयांची असून बाजारातील मंदीमुळे तिचे काम लांबले, तर पोडियमचे हस्तांतरणही तितकेच लांबते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

वाहनतळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद प्रकरणात स्तंभांवर उभारलेल्या खालच्या मजल्यावरील वाहनतळाची जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय दिला. मिश्र इमारतीत मॉलचे ग्राहक, कार्यालयातील कर्मचारी आणि रहिवासी यांच्या जागांची विभागणी मंजूर नकाशात कशी दाखविली आहे, हे पाहिल्याखेरीज त्या निर्णयाचा लाभ कागदावरच राहतो. अपार्टमेंट कायद्यात ‘मर्यादित सामाईक क्षेत्र’ असा वर्ग आहे. घोषणापत्रात काही विशिष्ट अपार्टमेंटांसाठीच राखून ठेवलेला भाग त्यात मोडतो. हा वर्ग जितका फुगलेला, तितका इतरांचा सामाईक हक्क आक्रसलेला, असे साधारणपणे म्हणता येईल.

खर्चाची लांबी

गृहकर्जाचा हप्ता वीस वर्षांनी संपतो, देखभालीचा खर्च संपत नाही. उलट लिफ्ट, पंप, अग्निशमन वाहिन्या, बाह्य काचा यांचे आयुष्य संपत येण्याचा काळ आणि कर्ज फिटण्याचा काळ बहुधा एकच असतो. कायद्याने रचनेतील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे विकासकावर ठेवली आहे. लिफ्ट बदलण्याची वेळ त्यानंतर कितीतरी वर्षांनी येते. सहकारी संस्थेच्या आदर्श उपविधींत सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरवर्षी सिंकिंग फंडासाठी आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीसाठी घ्यावेत, असे सांगितले आहे. बांधकाम खर्च ४० लाख रुपये धरल्यास ही रक्कम अनुक्रमे १०,००० आणि ३०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४०,००० रुपये होते. सेवाशुल्क यात धरलेले नाही. शिवाय सभासदामागे मासिक वर्गणी ७,५०० रुपयांहून अधिक व संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक असेल तर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. उत्तुंग इमारतीत ही मर्यादा ओलांडणे कठीण नाही. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराने हा आकडा कर्जाच्या हप्त्याइतक्याच गांभीर्याने मांडून पाहिला पाहिजे.

जमिनीतील हिस्साही मोजावा. ६,००० चौरस मीटर भूखंडावर एकूण ६०,००० चौरस मीटर चटई क्षेत्र असेल, तर ७५ चौरस मीटरच्या सदनिकेच्या वाट्याला क्षेत्रफळाच्या प्रमाणात ७.५ चौरस मीटर जमीन येते. व्यापारी भागाचे मूल्य अधिक असल्याने मूल्याच्या प्रमाणात ती आणखी कमी भरते. इमारत म्हातारी झाल्यावर पुनर्विकासाची बोलणी याच हिश्श्याच्या आधारे होणार असतात.

आवाज, आग आणि बदलता वापर

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी क्षेत्रात दिवसा ६५ व रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. मिश्र क्षेत्र यांपैकी कोणत्या वर्गात घालायचे, हे सक्षम प्राधिकारी ठरवितो. म्हणून पंचविसाव्या मजल्यावरील शयनगृह हे नियमांच्या दृष्टीने व्यापारी क्षेत्रात असू शकते आणि तेथील रहिवाशाची तक्रार दहा डेसिबलच्या फरकाने निकालात निघू शकते. मॉलचे शीतक पोडियमच्या छतावर बसविलेले असल्यास त्यांचा आवाज लगतच्या निवासी मजल्यांना सर्वाधिक जाणवतो. त्यामुळे ‘मधला मजला बरा’ हा घरोघरचा अनुभव येथे लागू पडेलच असे नाही.

दुकानाचा प्रकार कायम राहील, असेही गृहीत धरता येत नाही. आज जेथे कापडाचे दालन आहे तेथे उद्या उपाहारगृह आले, तर धुराडे कोठून न्यावयाचे हा प्रश्न उद्भवतो. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दुकाने वर्षाचे सर्व दिवस उघडी ठेवण्याची मोकळीक दिली आहे. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवे मद्यविक्रीचे दुकान सुरू करण्यास त्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, असे राज्य शासनाने २०२५ साली विधानसभेत जाहीर केले, यावरून रहिवाशांच्या तक्रारी कोठवर पोहोचल्या आहेत याची कल्पना येते.

आगीचा विचार सर्वांत गंभीर होय. मार्च २०२१ मध्ये मुंबईच्या भांडुप भागातील एका मॉलला आग लागली, तेव्हा धूर वरच्या मजल्यावरील रुग्णालयात पसरून रुग्णांचे जीव गेले. वापर दोन, मालक दोन. धुराला मात्र त्यांच्यातील सीमा ठाऊक नव्हती. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करावे लागते. मिश्र इमारतीत हे प्रमाणपत्र संपूर्ण इमारतीचे आहे की फक्त निवासी भागाचे, हे विचारावे. निवासी जिना मॉलच्या आत उतरतो की थेट उघड्यावर, हे तर नकाशाशिवाय डोळ्यांनीही पाहता येते. दोन्ही भागांचे पंप व टाक्या एक असतील, तर त्या चालू ठेवण्याचे काम कोणाच्या कर्मचाऱ्यांकडे आहे, याचे लेखी उत्तर मिळाले पाहिजे.

कराराआधीचे दिवस

तयार इमारत असेल तर तिला दोनदा भेट द्यावी : एकदा शनिवारी संध्याकाळी, मॉल भरलेला असताना, आणि एकदा रात्री अकरानंतर, मालाच्या गाड्या येण्याच्या वेळी. संस्था अथवा संघ स्थापन झाला असल्यास मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक सभांची इतिवृत्ते मागावीत. थकबाकीच्या यादीत व्यापारी गाळ्यांची नावे किती आहेत, यावरून त्या इमारतीतील संबंधांचे स्वरूप कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा लवकर कळते.

बांधकाम चालू असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा करारनामा, मंजूर नकाशे व इमारतींची माहिती पाहता येते. करारनाम्यात संघटनेचा प्रकार कोणता लिहिला आहे, सहकारी संस्था की अपार्टमेंटधारकांचा संघ, हे प्रथम पाहावे. संघ असल्यास घोषणापत्राचा मसुदा व टक्केवारीचा तक्ता मागावा. ‘ते नंतर ठरेल’ असे उत्तर विक्री कार्यालयातून मिळण्याचा संभव मोठा आहे. अशा वेळी २०१६ च्या अधिनियमातील तेरावे कलम उपयोगी पडते : विक्रीचा करार करून तो नोंदविल्याखेरीज विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. उरलेले ९० टक्के खरेदीदाराच्या खिशात असतात तोवरच त्या तक्त्याची मागणी ऐकली जाते.