बोलण्याआधी इंग्रजी 'पक्के' व्हावे लागते का? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. दहावी होईपर्यंत मुलाने दहा वर्षे इंग्रजीची पुस्तके वाचलेली असतात, धड्यांखालची प्रश्नोत्तरे लिहिलेली असतात, पत्रे आणि निबंध पाठ केलेले असतात. तरीही नोकरीच्या मुलाखतीत किंवा परराज्यातल्या ग्राहकाशी फोनवर चार वाक्ये बोलायची वेळ आली की यातले कितीतरी जण गप्प होतात. दोष आपल्या बुद्धीचा, शब्दसंग्रहाचा, उच्चारांचा किंवा वयाचा आहे, असे ते मनाशी ठरवून टाकतात. हे निदान चुकीचे आहे. बोलणे अडते ते रोजच्या वापरातली वाक्ये जिभेवर रुळलेली नसतात म्हणून, आणि ती रुळतात फक्त बोलून. भाषाशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांनी जमवलेले पुरावे याच दिशेने बोट दाखवतात.

गैरसमज : भरपूर शब्द पाठ केले की बोलता येते

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात पाच लाखांहून अधिक शब्द आहेत. हा आकडा ऐकून धडकी भरते आणि रोज दहा अवघड शब्द पाठ करण्याचा संकल्प केला जातो. बोलीभाषेचा हिशेब मात्र फार वेगळा आहे. मायकेल वेस्ट हे ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बंगालमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांनी १९५३ मध्ये सर्वाधिक उपयोगी अशा सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. अलीकडच्या काळात प्रत्यक्ष संभाषणांच्या नोंदींवरून तयार झालेली एक यादी तर जेमतेम ७०० शब्दांची आहे आणि तेवढ्यांतच सर्वसाधारण संभाषणातले सुमारे ९० टक्के शब्द येतात. यावर आक्षेप येईल की खरा अर्थ उरलेल्या १० टक्क्यांतच दडलेला असतो. आक्षेप बरोबर आहे. पण हे उरलेले शब्द प्रत्येकाच्या कामाप्रमाणे बदलतात. परिचारिकेला लागणारे शब्द मेकॅनिकला लागत नाहीत आणि मेकॅनिकचे बँकेतल्या कारकुनाला. आपापल्या कामाचे शंभर-दोनशे शब्द बहुतेकांना आधीच ठाऊक असतात, कारण अर्ज, यंत्रे, औषधे, हिशेब या सगळ्यांतून ते मराठी बोलण्यातही आलेले आहेत. त्यामुळे कोशातला नवा अवघड शब्द शोधण्यापेक्षा गेट, टेक, पुट, मेक यांसारख्या साध्या क्रियापदांचे वेगवेगळे उपयोग शिकण्यात कितीतरी जास्त लाभ आहे.

गैरसमज : आधी व्याकरण पक्के करावे, मग तोंड उघडावे

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. नियम समजून घ्यायचा आणि मराठी वाक्याचे इंग्रजी करायचे, ही तिची रीत. लिहिण्याला या रीतीने शिस्त लावली, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. पण लिहिताना विचार करायला वेळ असतो, बोलताना तो नसतो. आधी मराठी वाक्य जुळवायचे, मग त्यातला एकेक शब्द बदलायचा, मग काळ आणि क्रम तपासायचा, एवढे होईपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. मग इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, ते इतक्या वेगाने कसे बोलतात? भाषेचे अभ्यासक अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर यांनी १९८३ मध्ये याचे उत्तर दिले : ते प्रत्येक वाक्य नव्याने घडवत नाहीत, स्मरणात साठवलेले तयार वाक्यखंड वापरतात. २००० साली ब्रिट अर्मन आणि बिआट्रिस वॉरेन यांनी इंग्रजी संभाषणांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतला जवळजवळ ५९ टक्के भाग अशा ठरावीक शब्दजुळण्यांचा निघाला. शिकणाऱ्यानेही म्हणूनच सुटा शब्द पाठ न करता अख्खा वाक्यखंड उचलावा. 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?', 'व्हॉट आय मीन इज', 'लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू', 'आय ॲम नॉट शुअर, बट आय थिंक' असे पन्नास-साठ खंड तोंडात बसले, तर विचार करायला उसंत मिळते आणि संभाषण तुटत नाही.

ही नुसती पोपटपंची झाली, असे कोणी म्हणेल. पण या खंडांत मोकळ्या जागा असतात. 'वुड यू माइंड' हा खंड एकदा बसला की पुढे वेटिंग, ओपनिंग, साइनिंग असे हवे ते क्रियापद जोडता येते, आणि तिथे क्रियापदाचे कोणते रूप येते हा नियमही त्याच्याबरोबर कानात बसतो. व्याकरण अनावश्यक आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' किंवा 'व्हेअर यू आर गोइंग?' अशी वाक्ये सुधारायची तर नियम कळायलाच हवा. मात्र बोलू लागलेल्या माणसाला आपली चूक कुठे होते ते ठाऊक असते, म्हणून नियमाचा उपयोगही त्यालाच अधिक होतो. ऐकून आणि वाचून भाषा आपोआप बोलता येत नाही, याचा भक्कम पुरावा कॅनडात मिळाला. तिथली इंग्रजीभाषक मुले वर्षानुवर्षे सगळे विषय फ्रेंचमधून शिकली. त्यांची समज फ्रेंचभाषक मुलांच्या जवळपास पोहोचली, बोलणे आणि लिहिणे मात्र मागे राहिले. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याचे एक प्रमुख कारण सांगितले : त्या मुलांवर स्वतः भाषा घडवून बोलण्याची वेळ पुरेशी आलीच नव्हती. इंग्रजी माध्यमात घातले की बोलण्याची काळजी मिटली, असे समजणाऱ्या पालकांनी हा अनुभव ध्यानात घ्यावा.

गैरसमज : मराठी वळणाचा उच्चार म्हणजे कच्चे इंग्रजी

आज जगात इंग्रजी बोलणाऱ्यांत ती मातृभाषा नसलेलेच बहुसंख्य आहेत. २०११ च्या जनगणनेत सुमारे २.६ लाख भारतीयांनी इंग्रजी मातृभाषा म्हणून नोंदवली. दुसरी-तिसरी भाषा म्हणून ती नोंदवणारे धरले, तर आकडा १२ कोटींच्या पुढे जातो. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये दाखवले की बोलण्यावर मातृभाषेची ठळक छाप असूनही ते ऐकणाऱ्याला पूर्ण समजू शकते. छाप असणे आणि न समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे परदेशी ढब उसनी आणण्यात शक्ती घालवू नये. जिथे अर्थ बिघडतो, तिथेच लक्ष द्यावे. मराठी बोलण्यात इकार ऱ्हस्व-दीर्घ झाल्याने अर्थ क्वचितच बदलतो. इंग्रजीत 'लिव्ह' म्हणजे राहणे आणि 'लीव्ह' म्हणजे सोडून जाणे. तसेच शब्दातल्या आघाताचे. 'हॉटेल', 'डेव्हलप' हे शब्द आपण पहिल्या अक्षरावर जोर देऊन बोलतो, इंग्रजीत तो पुढे सरकतो. काही मुलाखत घेणारे उच्चारावरून माणसाची पात्रता जोखतात, हे खरे आहे आणि अन्यायाचेही आहे. तिथेही नक्कल केलेल्या ढबीपेक्षा संथ, स्पष्ट आणि सलग बोलणेच अधिक उपयोगी पडते.

गैरसमज : वय उलटले की जमत नाही, किंवा तीस दिवसांत सगळे जमते

ही दोन्ही टोके दिशाभूल करतात. सुमारे ६.७ लाख लोकांच्या उत्तरांवर आधारलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्याकरण आत्मसात करण्याची तीव्र क्षमता सतरा-अठरा वर्षांपर्यंत टिकते, असे आढळले. प्रौढपणी मातृभाषकाची सफाई येणे अवघड असते, एवढेच त्यातून निघते. व्यवहारापुरते बोलायला ती सफाई लागतच नाही. पोलिश मातृभाषा असलेले जोसेफ कॉनरॅड विसाव्या वर्षानंतर इंग्रजी शिकले आणि इंग्रजीचे थोर कादंबरीकार झाले. त्यांच्या बोलण्यावरची परकी छाप मात्र जन्मभर राहिली. दुसरीकडे 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' या जाहिराती आहेत. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाच्या अंदाजाने अगदी सुरुवातीपासून निघून स्वतंत्रपणे संवाद साधण्याच्या पहिल्या पायरीपर्यंत यायला मार्गदर्शनाखालचे सुमारे ३५० ते ४०० तास लागतात. शाळेत इंग्रजी शिकलेल्याचा पाया तयार असल्याने त्याला कमी तास लागतील. पण महिनाभर घोकून काम होणार नाही. विसरण्याच्या वेगावर हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा सिद्ध झाली आहे : एका बैठकीत पुष्कळ घोकण्यापेक्षा थोडे थोडे, अंतराने उजळलेले जास्त टिकते.

गैरसमज : आत्मविश्वास आला की बोलेन

आत्मविश्वास ही बोलण्याची पूर्वअट मानली, तर बोलण्याचा दिवस कधीच उजाडत नाही. एखादे वाक्य दहा ठिकाणी वापरून काम झाले, की अकराव्या वेळी ते बोलायला धीर लागत नाही. म्हणून रोज पंधरा-वीस मिनिटे, आपल्या कामातली चार वाक्ये मोठ्याने म्हणावीत आणि दुसऱ्याच दिवशी कुणाशी तरी बोलताना ती वापरावीत. चुका होतील, त्या सुधारतीलही. त्यासाठी मराठी दूर सारण्याची गरज नाही. ज्याला आपला विचार मराठीत नीट मांडता येतो, त्याच्याकडे इंग्रजीत सांगण्यासारखेही काही असते. आणि ज्यांना इंग्रजी येते त्यांना एक कळकळीची विनंती : घरात, वर्गात, कचेरीत कुणी अडखळत इंग्रजी बोलत असेल, तर हसू नका, त्याचे वाक्य पुरे होऊ द्या.