परसदारचा आडोसा आणि उंच भिंतीचा भ्रम

शेजारच्या बैठ्या घराच्या जागी दुमजली इमारत उभी राहिली आणि तिच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या आपल्या परसदारावर उघडू लागल्या, की ज्या गृहस्थाने आजवर धुण्याच्या दगडापाशी कोण आले नि कोण गेले याची कधी क्षिती बाळगली नव्हती, तोही अस्वस्थ होतो. आणि ही अस्वस्थता तो पुरती बोलून दाखवतो न दाखवतो तोच आप्त, शेजारी आणि गवंडी असे तिघेही एकमुखाने एकच तोडगा सुचवतात, तो म्हणजे कुंपणाची भिंत वाढवा. ज्याच्या गाठीशी भिंतीपुरते द्रव्य नसेल त्याने एकांताची आशाच सोडावी, असा या उपदेशाचा न उच्चारलेला उत्तरार्ध असतो. हा समज इतका सार्वत्रिक आहे आणि इतक्या आत्मविश्वासाने सांगितला जातो की, सांगणाऱ्यांपैकी एकानेही कधी हातात काठी घेऊन मोजून पाहिले असेल असे वाटत नाही.

वास्तविक प्रश्न उंचीचा नसून दृष्टिरेषेचा आहे. समजा, शेजाऱ्याच्या खिडकीत उभ्या असलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून 15 फुटांवर आहेत, ती खिडकी हद्दीपासून 10 फूट पलीकडे आहे, आणि आपण हद्दीपासून 12 फूट अलीकडे खुर्ची टाकून बसलो आहोत. बसलेल्या माणसाचे डोके साधारण 4 फुटांवर येते. म्हणजे 22 फुटांच्या अंतरात ती नजर 11 फूट खाली उतरते, दर फुटाला अर्धा फूट. या हिशेबाने ती नजर हद्दीवरच अडवायची झाल्यास भिंत 10 फूट उंच हवी. परंतु तोच पडदा खुर्चीपासून 3 फुटांवर उभा केला, तर साडेपाच फूट पुरतात. उभ्याने भांडी घासायची किंवा कपडे वाळत घालायचे असतील तर 7 फूट धरावेत. आडोसा बसणाऱ्याच्या जितका जवळ, तितका तो ठेंगणा चालतो आणि तितकाच स्वस्त पडतो. ही शाळकरी भूमिती आहे, तिला इंजिनिअरच्या दाखल्याची गरज नाही.

आता ती 10 फुटी भिंत बांधायला मुभा तरी आहे काय? राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे, प्राधिकरणाची विशेष परवानगी नसल्यास, कुंपणभिंतीची कमाल उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून 1.5 मीटर, म्हणजे सुमारे 5 फूट आहे, 2.4 मीटरपर्यंत परवानगी मिळू शकते, पण वरचा 0.9 मीटर भाग जाळीदार, आरपार दिसणारा ठेवावा लागतो. म्हणजे ज्या उंचीवर आडोसा हवा, नेमक्या त्याच उंचीवर संहिता भिंत उघडी ठेवायला सांगते. स्थानिक नियमावलीत थोडाफार फरक असू शकतो, म्हणून आपल्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करावी. पण गवंड्याचा शब्द हा काही मंजूर नकाशा नव्हे. शिवाय भरीव उंच भिंत वाऱ्याचा सगळा दाब अंगावर घेते, तिला रुंद पाया आणि ठरावीक अंतरावर खांब द्यावे लागतात, आणि एवढे करून तिच्या अलीकडे वारा घुमतो तो घुमतोच. अर्धवट सच्छिद्र पडदा त्याच वाऱ्याला चाळून मंद करतो.

स्वस्त उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सह्याद्रीच्या कडेला कारवीचे कूड, कोकणात नारळीच्या झापांचे आडोसे आणि काटक्यांची वई यांवर कित्येक घरांची परडी आजवर निभावली आहेत. चार वासे, त्यांवर बांबूची तट्टी, आणि तिचा खालचा काठ जमिनीपासून वीतभर वर, एवढ्याने काम भागते. ही वीतभर जागा सोडली नाही तर ओलीने तट्टी बुडाशी कुजते, आणि मग दोष बांबूच्या माथी येतो. नजर थेट वरून येत असेल तर डोक्यावर मांडव घालून त्यावर तोंडली, पडवळ किंवा घेवडा चढवावा. झाडाचा आडोसा व्हायला दहा वर्षे लागतात म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यातला पडवळाचा मांडव पाहिलेलाच नसावा.

राहिलेले समज थोडक्यात निकालात काढू.

बांबू लावला की मुळ्या घराखाली शिरतात: ही भीती धावत्या मुळांच्या चिनी-जपानी जातींची आहे, आपल्याकडील मेस, माणगा, कळक हे सारे बेटाने वाढणारे आहेत.

हिरवी जाळी 90 टक्के, म्हणजे 90 टक्के आडोसा: हा आकडा सावलीचा आहे. दिवसा जाळीमागचे दिसत नाही, पण संध्याकाळी आत दिवा लावला की बाहेरच्याला सारे दिसते.

दाट कुंपणाने आवाजही अडतो: पातळ हिरवळीने आवाज जवळजवळ अडत नाही, केवळ त्याचे उगमस्थान दिसेनासे होते.

शेर हा सर्वांत निर्धोक आणि फुकट कुंपण: फुकट खरा, पण त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. मुले खेळतात तिथे अडुळसा किंवा मेंदी बरी.

शेजाऱ्याला खिडकी बंद करायला लावता येते: 1882 च्या भारतीय सुखाधिकार कायद्याच्या कलम 18 मध्ये असे उदाहरण आहे खरे, पण ते ज्या नगरात तशी रूढी सिद्ध होते तिथपुरतेच; रूढी सिद्ध करण्याचा भार दावा लावणाऱ्यावर असतो.

खिडकी 20 वर्षे उघडी आहे, म्हणून आम्हाला आडोसा करता येत नाही: त्याच कायद्याचे कलम 15 इमारतीच्या उजेड-वाऱ्याला संरक्षण देते, परसदार न्याहाळण्याच्या हौसेला नव्हे. आपल्या जागेतल्या साडेपाच फुटी तट्टीने वरच्या मजल्याचा उजेड काही कमी होत नाही.

तेव्हा विटांचा भाव विचारण्यापूर्वी एवढेच करावे: जिथे खरोखर बसायचे तिथे खुर्ची टाकून बसावे, घरातल्या कुणाला तरी धोतराचे पान किंवा चादर काठीवर ताणून 3 फुटांवर धरायला सांगावे, आणि खिडकी दिसेनाशी झाली की चादरीच्या वरच्या काठाची उंची काठीवर कोळशाने टिपून ठेवावी. ती खूण हेच तुमचे अंदाजपत्रक. तिच्यावरचा प्रत्येक थर हा शेजाऱ्याच्या नजरेसाठी नव्हे, गवंड्याच्या मजुरीसाठी लागतो.