पाणी कुठून शिरते : हौशी रेडिओ केंद्राची अँटेना आणि पश्चिम किनाऱ्याचा पावसाळा

हौशी रेडिओ म्हणजे सरकारकडून रीतसर परवाना घेऊन, कोणताही आर्थिक हेतू न ठेवता, ठरवून दिलेल्या वारंवारतांवर परस्परांशी संवाद साधण्याचा छंद. या छंदातल्या माणसांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. हॅमच्या खोलीत टेबलावर मांडलेले संच, त्यांचे दिवे आणि काटे पाहून पाहुण्याचे लक्ष तिथेच खिळते. परंतु केंद्र कितपत ऐकू येते आणि कितपत ऐकू शकते, याचा निकाल बहुतांशी गच्चीवर, छपरावर किंवा अंगणातल्या खांबावर लागलेला असतो. घरी कायमची बसवलेली ही अँटेना बारा महिने उघड्यावर असते, आणि तिच्या रचनेविषयी जितके लिहिले जाते त्याच्या एक दशांशही तिच्या टिकाऊपणाविषयी लिहिले जात नाही.

पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि गोवा या पट्ट्यात तर हा प्रश्न दुय्यम ठेवण्याची सोयच नाही. कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि महाबळेश्वरसारख्या ठिकाणी तो पाच हजारांच्या वर जातो. त्याआधी एप्रिल-मे महिन्यांत प्लॅस्टिक भाजून काढणारे ऊन असते, वळवाच्या पावसाबरोबर विजा येतात, आणि किनाऱ्यालगत खारा वारा वर्षभर आपले काम करतच असतो. एवढ्या माऱ्यात अँटेना वादळाने कोसळेल ही भीती सर्वांना वाटते. प्रत्यक्षात मात्र कोसळलेल्या अँटेनांपेक्षा जागच्या जागी उभ्या राहून निकामी झालेल्या अँटेना पुष्कळ अधिक असतात, आणि त्यांच्या निकामी होण्याची सुरुवात जवळजवळ नेहमी एखाद्या जोडापाशी झालेली असते.

वाऱ्याचा विचार आधी उरकून घेणे बरे, कारण त्याचे गणित सरळ आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. बांधकामांसाठीच्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईकरिता वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्याकरिता ३९ मीटर धरलेला आहे. या वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले असता मुंबईत एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ११८ किलो वजनाइतका रेटा येतो आणि पुण्यात तो ९३ किलोच्या आसपास भरतो. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने माडापोफळीच्या वाड्या झोपवल्या, तेव्हा हे आकडे केवळ कागदावरचे नाहीत हे पुन्हा एकदा दिसून आले. परंतु ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या यागी अँटेनेला (याच प्रकारच्या छोट्या अँटेना दूरदर्शनच्या जुन्या काळात घरोघरी छपरांवर दिसत) मंद आणि एकसारखा वाराही घातक ठरतो. अशा वाऱ्यात नळीच्या मागे आळीपाळीने भोवरे सुटतात, नळी विशिष्ट लयीत थरथरू लागते आणि महिनोन्‌महिने चाललेल्या या थरथरीने धातू थकून, जिथे ती आडव्या दांड्याला पकडलेली असते तिथे, तिला चीर पडते. त्यावरचा उपाय फारच साधा आहे: नळीच्या पोकळीत नायलॉनच्या दोरीचा एक तुकडा सैल सोडून ठेवला की थरथरीची ऊर्जा त्या दोरीच्या घर्षणात जिरून जाते.

पाण्याची गोष्ट इतकी सरळ नाही. संच आणि अँटेना यांना जोडणाऱ्या कोॲक्स केबलमध्ये मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती पॉलिथीनचे जाड अस्तर, त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी आणि सर्वांत बाहेर काळे प्लॅस्टिकचे आवरण असते. केबलचे टोक जिथे कापून कनेक्टरला डकवले जाते तिथे ही जाळी उघडी पडते. आणि समईच्या वातीत तेल चढावे तसे पाणी त्या विणीत केशाकर्षणाने ओढले जाऊन, उताराची साथ मिळाली तर, मीटर-दोन मीटर आतपर्यंत पोहोचते. अशी केबल सोलून पाहिली तर सोन्यासारखी झळकायला हवी ती जाळी आधी तपकिरी, मग काळी आणि टोकाशी हिरवट भुकटी धरलेली दिसते. उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या अगदी वरच्या पापुद्र्यातूनच वाहत असल्यामुळे, आतले तांबे शाबूत असले तरी वरच्या या काळिम्याची किंमत मोजावी लागते.

हॅम मंडळींमध्ये सर्वाधिक चालणारा पीएल-२५९ हा कनेक्टर १९३० च्या दशकातला आहे, आणि त्यात पाणी अडवणारी रबरी कडी मुळातच नाही. त्यानंतर १९४० च्या दशकात बेल प्रयोगशाळेतील पॉल नील यांनी बनवलेल्या एन-कनेक्टरमध्ये ती आहे. तरीही सवय, स्वस्ताई आणि जुन्या संचांमागची बसकी खोबण यांमुळे पहिलाच प्रकार गच्चीवर चढतो. तो चढला तर चढू द्यावा, पण त्याचे वेष्टण नीट व्हायला हवे, आणि वेष्टणाच्या बाबतीत कोकणातल्या कौलारू घराचे उदाहरण जितके समर्पक आहे तितके दुसरे कोणतेही नाही. कौले शाकारताना खालची ओळ आधी बसते आणि वरचे कौल खालच्यावर चढते, म्हणूनच पाणी ओघळून पागोळीला लागते. उभ्या केबलीवरील जोडाला टेप गुंडाळतानाही सुरुवात खालून करून, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवत वर गेले तरच प्रत्येक वेढ्याची कड खाली तोंड करून राहते. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात मात्र स्वाभाविकपणे वरून खाली येतो, आणि मग प्रत्येक कड पाण्यासाठी एक लहानसे पन्हळ बनते. यासाठी वापरायची टेप म्हणजे वीज दुरुस्तीची नेहमीची चिकट पट्टी नव्हे, तर ताणून गुंडाळली की स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप. ती उन्हात टिकत नाही, म्हणून तिच्यावर काळ्या विनाइल टेपचा एक थर हवा, आणि त्या थराचा शेवटचा वेढा न ताणता टेकवायला हवा, कारण ताणलेले टोक काही आठवड्यांतच आपोआप उचकटते. वरून सिलिकॉन फासण्याचा मोह अनेकांना होतो; ज्या सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येतो त्यातून वाळताना ॲसेटिक आम्ल सुटते आणि ते तांब्याला खाते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

डब्यांच्या बाबतीत तर्क उलटा चालतो. डायपोल, म्हणजे मधोमध तोडून दोन्ही अंगांना ताणलेली तारेची अँटेना, केबलला जोडताना मध्ये ‘बालन’ नावाचे एक रोहित्र बसवावे लागते आणि ते प्लॅस्टिकच्या डबीत ठेवून डबी चहूबाजूंनी बंद करण्याची प्रथा आहे. उन्हात अशा डबीतली हवा ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि फुगून एखाद्या फटीतून थोडी बाहेर पडते; संध्याकाळी सर आली की तीच हवा २५ अंशांवर उतरते आणि आतला दाब सुमारे एक दशांशाने घटतो. हा दाबफरक एक मीटर खोल पाण्याच्या दाबाइतका आहे, म्हणजे पावसात भिजत असलेल्या डबीला कुणीतरी आतून शोषून घेत असल्यासारखे पाणी त्याच फटीतून आत येते, आणि एकदा आत आलेले पाणी बाहेर जायला वाट नसते. म्हणून जाणकार डबीच्या तळाला तीन-चार मिलिमीटरचे एक भोक मुद्दाम पाडतात. त्या भोकातून दाब सारखा होत राहतो, साचलेले थेंब गळून जातात आणि डबी कधीही पूर्ण कोरडी नसली तरी कधीही तुंबत नाही. भोकावर बारीक जाळी लावायला विसरले तर कुंभारीण माशी एका आठवड्यात मातीने ते लिंपून टाकते, हा पावसाळ्याबाहेरचा शत्रू.

पाणी शिरल्याचे कळते कसे, हा यातला खरा अवघड प्रश्न. हॅमचा सगळा भरवसा ‘एसडब्ल्यूआर’ या आकड्यावर असतो. संचाने पाठवलेल्या ऊर्जेपैकी किती ऊर्जा अँटेनेकडून परत येते यावरून तो निघतो. काहीच परत आले नाही तर तो एक असतो, आणि दीड-पावणेदोनपर्यंत कुणी चिंता करत नाही. आता केबल भिजून तिच्यातला व्यय वाढला तर वर जाणारी ऊर्जा वाटेत घटते आणि परत येणारी ऊर्जा उतरतानाही तितकीच घटते, त्यामुळे खाली बसलेल्या मीटरला परतीची ऊर्जा अल्प दिसते आणि आकडा उलट सुधारतो. समजा केबलमध्ये एका खेपेला ६ डेसिबलचा व्यय आहे, म्हणजे फक्त पाव हिस्सा शक्ती वर पोहोचते. अशा वेळी वरच्या टोकाला अँटेना तुटून पडलेली असली तरीही संचाजवळचा मीटर १.७ च्या आसपास आकडा दाखवील. इतका व्यय व्हायला केबल सडावीच लागते असेही नाही, कारण आरजी-५८ ही बोटाहून बारीक केबल १४५ मेगाहर्ट्‌झवर तीस मीटर वापरली तर नवी असतानाही ती जवळपास एवढीच शक्ती गिळते. म्हणूनच अँटेना बसवली त्या दिवशीचा आकडा नोंदवून ठेवणे आणि पुढे तो वाढला तर जितके सावध व्हायचे तितकेच तो काही कारण नसताना कमी झाला तरही होणे आवश्यक आहे. प्रामाणिक तपासणी एकच: केबलच्या वरच्या टोकाला ५० ओमचा डमी लोड, म्हणजे शक्ती उष्णतेत जिरवणारा रोध, लावून दोन्ही टोकांना शक्ती मोजणे. त्यासाठी शिडी चढावी लागते, आणि बहुधा तेवढ्यासाठीच ती केली जात नाही.

धातूंचे वैर हा दुसरा मंद शत्रू. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यामध्ये खारट ओलावा आला की त्यांचा लहानसा विद्युतघट तयार होतो आणि दोहोंतला अधिक क्रियाशील धातू झिजतो. तांबे आणि ॲल्युमिनियम ही जोडी यात विशेष वाईट, आणि अँटेनेची नळी ॲल्युमिनियमची तर केबल तांब्याची असल्यामुळे ही जोडी नेमकी जिथे नको तिथेच जुळते. मध्ये कथिलाचा मुलामा दिलेला लग किंवा स्टेनलेस वॉशर घालून त्यांना वेगळे ठेवतात. तांब्यावरून ओघळलेले पाणी खालच्या ॲल्युमिनियमवर पडले तरी तिथे खड्डे पडतात, ही बाब मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. समुद्राजवळ स्टेनलेसमध्येही निवड करावी लागते: ३०४ प्रतीचे नट-बोल्ट तपकिरी डाग धरतात, ३१६ प्रतीचे, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे, बरेच तग धरतात. बाजारात चकचकीत दिसणारे यू-बोल्ट बहुतेकदा जस्ताच्या पातळ विद्युत-मुलाम्याचे असतात आणि एका पावसाळ्यात गंजतात. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, करड्या खरबरीत पृष्ठभागाचे बोल्ट दिसायला गबाळे पण कित्येक पट टिकाऊ.

तारेच्या अँटेनांचे दुखणे वेगळे. सात मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यासाठी डायपोल सुमारे वीस मीटर लांब लागतो आणि कोकणात तो बांधायला दोन माडांच्या मधल्या जागेइतकी सोयीची दुसरी जागा नाही; परंतु माड डोलतो, आणि दोन्ही टोके घट्ट बांधलेली तार तुटते किंवा मऊ तांब्याची असेल तर ताणली जाऊन लांबते व तिची वारंवारता खाली घसरते. एका टोकाला कप्पी लावून दोरीला विटेचे वजन लोंबते ठेवले की माडाच्या डोलण्याबरोबर वीट वर-खाली होते आणि तारेवरचा ताण बदलत नाही. देशावर संक्रांतीच्या सुमारास मांजा तारेत अडकतो, घाटमाथ्यावर वानरे तारेचा झोका करतात. यांवर कोणत्याही ग्रंथात उपाय नाही.

विजेबद्दल थोडक्यात एवढेच, की वायूभरित निरोधक आणि चांगले अर्थिंग यांनी जवळपास पडलेल्या विजेचा लोट जमिनीत वळवता येतो, थेट पडलेल्या विजेपुढे मात्र केबल संचापासून सोडून घराबाहेर ठेवणे हाच घरगुती उपाय. मीठ-कोळशाच्या खड्ड्यातले जुने अर्थिंग सुरुवातीला उत्तम चालते, पण तेच मीठ पुढे पट्टी खाऊन टाकते.

किल्लारीचा १९९३ चा भूकंप, भूजचा २००१ चा भूकंप आणि २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी या तिन्ही प्रसंगी इतर संपर्क तुटल्यावर हौशी रेडिओ उपयोगी पडला. त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या हॅमचे पथक अंदमानात योगायोगाने हजर होते आणि पोर्ट ब्लेअरमधून त्यांनी संपर्क चालू ठेवला. तिथली अँटेना मात्र नुकती उभारलेली होती. गावातल्या घरी बसवलेल्या अँटेनेवर अशी वेळ आली तर ती तिच्या आठव्या किंवा बाराव्या पावसाळ्यात येईल.

म्हणूनच पावसाळ्याआधीच्या डागडुजीइतकेच महत्त्व पावसाळा संपल्यावरच्या तपासणीला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी होते, छपरावरचे शेवाळ सुकते आणि पाय ठेवता येतो. त्या दिवसांत वरचा कनेक्टर उघडून, टेपचे वेष्टण उभे चिरून काढून, जाळीचा रंग पाहायचा. ती काळवंडलेली असेल तर केबल वीतभर मागे कापायची, पुन्हा पाहायची, पुन्हा कापायची आणि लखलखीत तांबे लागेपर्यंत थांबायचे नाही. किती वीत कापली आणि कोणत्या महिन्यात, हे संपर्कांच्या नोंदवहीतच शेवटच्या पानावर लिहून ठेवण्याची काही जुन्या हॅमची रीत आहे. त्यामुळे केबल आखूड होत होत कधी बदलावी लागेल याचा अंदाज पुढच्या मे महिन्यातच बांधता येतो.