दुसरा तांब्या

एप्रिल लागला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर हमखास विचारतात, ‘‘काय हो, यवतमाळला सध्या किती?’’ हे ‘किती’ म्हणजे तापमान. चव्वेचाळीस म्हटलं की पलीकडून ‘बाप रे!’ येतं आणि मला उगीचच अभिमान वाटतो. जणू तो पारा मीच वर चढवून ठेवला आहे! ‘राहता तरी कसे तुम्ही?’ हा पुढचा प्रश्नही ठरलेलाच. त्याचं उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून आज लिहायला बसलो.

आमचा उन्हाळा समजून घ्यायचा तर पहाटे उठायला हवं. पाचच्या सुमाराला कडुनिंबाखालून जी झुळूक येते, तिला तोड नाही. दहा वाजले की दारं-खिडक्या बंद, कूलर सुरू, रस्ते ओस. कूलरच्या ओल्या ताट्यांचा तो वास नाकात गेला की डोळे आपोआप मिटतात. चार वाजता कैरीचं पन्हं किंवा टरबुजाची फोड. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडायचं. तापलेल्या मातीतून वाफ उठते, मग सुगंध. रात्री गच्चीवर अंथरूण, वर सप्तर्षी. सांगा, यातली कोणती गोष्ट महाग आहे?

लहानपणी सुटी लागली की आम्ही ‘शकुंतला’नं दारव्ह्याकडच्या मामाच्या गावी जायचो. यवतमाळ-मूर्तिजापूर ही ती अरुंद रुळांची गाडी. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. कोळशाची कणी डोळ्यात जायची, तरी खिडकी सोडवत नसे. मामाकडे आंब्याची अढी, वाळवणाची राखण आणि राखण करता करता ओल्या कुरडयांची चोरी! आता ती गाडीही बंद पडली आहे.

पण या सगळ्यात माझा मान माठाला. त्याचं शास्त्र साधं आहे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर आल्यावर त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी गार. म्हणून दमट मुंबईत माठाला ही किमया तितकीशी साधत नाही आणि पावसाळ्यात आमचे कूलरही निकामी ठरतात. म्हणजे जे ऊन आम्हाला भाजून काढतं, तेच आमचं पाणी गार करतं. हे मला शाळेत शिकवलं होतं; पण उमगलं ते बँकेत लागल्यावर.

2004 च्या मे महिन्यातली गोष्ट. जिल्ह्यातल्याच एका शाखेत मी शेतकी अधिकारी होतो. कापसानं त्या घराला दगा दिला होता, कर्ज थकलं होतं. मोटारसायकलवरून भर दुपारी मी दारात उभा राहिलो तेव्हा डोक्याला बांधलेला दुपट्टाही तापला होता. बॅगेत नोटीस होती. शेतकरी काही बोलणार तोच त्याची म्हातारी आई आतून आली. ‘‘सायेब, उनातून आले तुमी. पयले पानी घ्या. कर्जाचं मंग बोलू.’’ गुळाचा खडा आणि माठातल्या पाण्याचा तांब्या तिनं पुढं केला. मी तो गटागटा संपवला आणि दुसरा मागितला. तिनं तोही भरून दिला.

मग दारात तिची नात आली. डोक्यावर लहानशी घागर, पाय धुळीनं भरलेले. गावातली विहीर आटली होती आणि हातपंप मैलभर लांब होता. दुसरा तांब्या माझ्या हातात होता, अर्धा प्यालेला. आता तो ठेवताही येईना आणि पिताही येईना. शेवटी प्यालो.

नोटीस मात्र मी दिली. ते माझं काम होतं. तिच्यावर अंगठा घेताना म्हातारीच्या मुलाकडं मी पाहिलं नाही, एवढंच.

पुढं जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. थकलेलं व्याज माफ झालं. 2008 मध्ये केंद्राची कर्जमाफी आली. पण पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना होती. त्या घरची कोरडवाहू जमीन साडेसहा एकर. त्यांच्या वाट्याला पंचवीस टक्क्यांची सूट, तीही उरलेली रक्कम भरली तर. हा हिशेब मीच मांडून दिला. वहीत सगळं बरोबर जुळलं. तो दुसरा तांब्या तेवढा कुठंच जमा झाला नाही.

2018 चा उन्हाळा यवतमाळकर विसरणार नाहीत. निळोणा आणि चापडोह, शहराला पाणी देणारी दोन्ही धरणं तळाला गेली. नळाला कित्येक दिवस पाणी नसे. टँकर आला की आम्ही पांढरपेशे लोकही बादल्या घेऊन धावायचो. एका दुपारी कुरिअरचा पोरगा पाणी मागायला दारात आला. मी तांब्या दिला. त्यानं तो रिकामा केला आणि पुन्हा पुढं धरला. खरं सांगतो, माझा हात क्षणभर अडला. मनातल्या मनात मी माठातलं पाणी मोजलं होतं. त्या क्षणी ती म्हातारी आठवली. तिचा हात अडला नव्हता.

तेव्हापासून उन्हाळ्याचं कौतुक करताना मी जरा जपून करतो. घाटंजी, झरी-जामणीकडच्या रानात पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या, उन्हात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांना ‘उन्हाळ्यातली मजा’ सांगायला गेलो तर त्या हसतील. कूलरपुढं बसून कृतज्ञ होणं सोपं आहे. पण सोपं आहे म्हणून ते सोडून द्यावं, असंही नाही. पन्ह्याचा घोट घेताना तो कुठून आला, कुणी वाहून आणला, एवढं आठवलं तरी पुष्कळ.

आता होळी झाली की मी फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली एक रांजण मांडतो. रोज सकाळी पाणी भरणं हे माझं निवृत्तीतलं काम. काल एक बांधकामावरचा मजूर थांबला. एक पेला प्याला, तोंडावर हात फिरवला आणि मी खिडकीत बसलोय हे पाहून अवघडून विचारलं, ‘‘अजून एक घेऊ का, काका?’’

‘‘घे बाबा,’’ मी म्हटलं, ‘‘दुसराच तर खरा!’’

त्याला काही कळलं नाही. तो पाणी प्याला आणि सायकलवर टांग मारून निघून गेला.